आत्याचे मऊ शब्द
रोज सकाळी गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालून आत्या जिना उतरायची, तेव्हा प्रत्येक मजल्यावर थांबून खोकायची. खोकला नव्हताच तिला. आतून कुणीतरी ओरडायचं, "उठलोय हो, कंपाउंडरबाई!" मग ती पुढे उतरायची. फक्त टेलरकाकांच्या दारापाशी ती खोकायची नाही. दुधाची पिशवी आत गेली आहे ना, एवढंच बघायची.

आत्यानं आयुष्यभर दवाखान्याच्या खिडकीत बसून औषधं दिली. मलम असो की झोपेच्या गोळ्या, पुडी हातात ठेवताना ती इतक्या हळू बोलायची की रांगेतल्या मागच्या माणसाला पत्ता लागू नये. निवृत्त झाली तरी तो आवाज गेला नाही. म्हणूनच, अडीअडचणीच्या वेळी कुणाला काय मदत लागेल ही माहिती एकत्र ठेवायची आणि प्रत्येक मजल्यावरच्या एका माणसाच्या फोनवर ती असू द्यायची, असं इमारतीनं ठरवलं, तेव्हा घरोघरी विचारायला आत्याच गेली. लोक तिला मोकळेपणानं सांगायचे. आणि ती ते मऊ करून लिहायची. ज्यांना पायरीसुद्धा उतरता येत नव्हती त्यांच्यापुढे 'जिन्याचा थोडा त्रास'. ज्या आजींना स्वतःचं घर ओळखू यायचं नाही, त्यांच्यापुढे 'अधूनमधून विसर'.

टेलरकाकांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. गिऱ्हाइकाच्या ओठांवरून ते बोलणं ओळखायचे, आणि हे फक्त आत्याला ठाऊक होतं.

"तेवढं लिहू नका, बाई," ते म्हणाले. "मुलाच्या कानावर गेलं तर मशीन विकून मला घेऊन जाईल. आणि गिऱ्हाईक म्हणेल, आम्ही बाही सांगू, हा पायजमा शिवेल."

आत्यानं लिहिलं : 'झोप गाढ आहे. जोरात हाका माराव्यात.'

एका दुपारी तळमजल्यावर गॅसचा पाइप फुटला. वास जिन्याभर पसरला. बेल वाजवायची नाही, दिवा लावायचा नाही, नुसत्या हाका मारत सगळ्यांना खाली आणायचं, असं ठरलं. खुर्चीत बसवून कुणाला उचललं, कुणाला हाताला धरून आणलं. आत्या अंगणात एकेकाला पाहून घेत होती.

"टेलरकाका?"

"घरी नाहीत," त्यांच्या मजल्याची जबाबदारी असलेली बँकेतली वहिनी म्हणाली. "चांगलं बोंबलले मी. दारावर थापा मारल्या. कितीही गाढ झोपलेला माणूस उठला असता. दुकानात असतील."

दुकान समोरच होतं आणि त्याचं शटर खाली होतं.

आत्यानं त्या शटरकडे पाहिलं, मग वर काकांच्या मजल्याकडे. जन्मभर जो शब्द तिनं खिडकीबाहेर जाऊ दिला नव्हता, तो आता भर अंगणात सांगायचा होता.

"त्यांना ऐकू येत नाही," ती म्हणाली. मग नुकत्याच पोचलेल्या अग्निशमनवाल्याकडे वळून ओरडली, "बहिरे आहेत ते! दार फोडा!"

दार फोडलं तेव्हा काका दाराकडे पाठ करून, चष्मा नाकावर ओढून, कुणाच्या तरी पँटची पट्टी दुमडत होते. गळ्यात टेप तसाच घेऊन ते खाली आले. अंगणातली माणसं त्यांच्याशी एकदम मोठ्यानं, तोंड वासून बोलायला लागली. काकांनी फक्त आत्याकडे पाहिलं, आणि मान खाली घातली.

पुढचे काही दिवस आत्या जेवताना घास हातात घेऊन बसायची. "त्यांचं मन राखायला गेले," ती एकदा म्हणाली, "आणि त्यांनाच कोंडून ठेवलं."

मग काका स्वतःच आले. दारात उभे राहून म्हणाले, "मुलगा आला होता. न्यायलाच आला होता. पण त्यानं बेलला दिवा जोडून दिलाय. म्हणाला, शेजारी किल्ली ठेवा, मग राहा."

"माझ्यावर रागावलात?"

"रागावलो होतो. गिऱ्हाईक आता कानाशी येऊन ओरडतं, थुंकी उडते." ते हसले. "त्या दिवशी वहिनी फार हाका मारत होत्या म्हणे?"

"घसा बसला बिचारीचा."

"अस्सं," काका म्हणाले. बराच वेळ ते चौकटीवरून हात फिरवत राहिले. "आता नीट लिहा, बाई. बहिरा म्हणून लिहा."

त्यानंतर आत्या पुन्हा घरोघरी गेली. या वेळी प्रत्येकाला आधीचं लिहिलेलं वाचून दाखवायची आणि विचारायची, "यावरून तुम्हाला खाली आणता येईल का?" कुणी रडलं, कुणी चिडलं. विसरभोळ्या आजींच्या सुनेनं तर दारच लावून घेतलं; आत्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. आवाज तोच ठेवला, हळू. शब्द तेवढे बदलले.

तिनं अंथरूण धरल्यावर ते काम माझ्याकडे आलं. एका संध्याकाळी तिच्याजवळ बसून मी सगळ्यांची माहिती तपासत होते. पुढे ताप चढला आणि तिचं बोलणं तुटत गेलं. म्हणून त्या संध्याकाळचंच बोलणं मी शेवटचं मानते. तिच्या नावापुढे मी लिहिलं होतं, 'उठायला थोडा वेळ लागतो.' तिनं ते वाचून घेतलं.

"थोडा वेळ कशाला गं? उठता येत नाही, असं लिही. दोन माणसं लागतील. आणि त्यातला एक तरी दणकट पाठवा म्हणावं, मी काही हलकी नाहीये."