द्वादशीची ओहोटी

अंदमानात पाठीवर बॅगा टाकून आम्ही नवरा-बायको फिरत होतो. ओहोटीत उघड्या पडलेल्या वाळूवरून चालत समोरच्या छोट्या बेटावर गेलो. किनाऱ्यावरच्या एका होडीवाल्याने बजावलं होतं, एकच्या आत परत या. मला रागच आला. मी पेणच्या खाडीवरची, मिठागरात वाढलेली. भरती-ओहोटी आम्ही तिथीवरून काढतो. त्या दिवशी द्वादशी, म्हणजे तीनपर्यंत ओहोटी.

दोनलाच वाळू दिसेनाशी झाली. नवरा रोह्याकडचा, भातशेतीतला, त्याला पोहता येत नाही.

"गो, पाणी चढतंय."

"नाय चढत! खाडीवर तू वाढलास का मी?"

शेवटी कमरेच्याही वर आलेल्या पाण्यातून त्याला ओढत किनाऱ्याला आणलं. आमच्या खाडीचं गणित त्या समुद्राला लागू नव्हतं. पुढे कोलकात्यात भर रहदारीत मी "चल" म्हटलं, तरी नवरा हलला नाही. एक अनोळखी म्हातारी रस्ता ओलांडायला लागली, तिच्यामागून गेला.

परवा माहेरी मिठागराच्या बांधावर उभे होतो. त्याने माझ्या वडिलांना विचारलं, "मामा, आज भरती कधी हाय?"

मी त्याच्या शेजारीच होते.