साडूच्या गाडीचा कौल

माझा साडू वाईट माणूस असता तर माझं आयुष्य सोपं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. पण या माणसाबद्दल कुणी वाईट बोलत नाही. माझी बायको देवाचीही उणीदुणी काढते, पण बहिणीच्या नवऱ्याविषयी तिच्या तोंडून आजवर वाकडा शब्द निघालेला नाही.

आमची लग्नं झाली तेव्हा पारडं माझ्याकडे झुकलेलं होतं. आम्ही दोघं पेडण्याच्या एकाच घरचे जावई, मी थोरलीचा आणि तो धाकटीचा. माझं डिचोलीला गॅरेज. खाणीचे ट्रक दारात ओळीने उभे असायचे आणि जेवायला बसलो तरी ड्रायव्हर हाका मारायचे. तो तुयेच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा, डबा घेऊन, सायकलने. सासुरवाडीला पंगत बसली की पहिलं पान माझं. इसवणाच्या, म्हणजे सुरमईच्या, मधल्या कापा माझ्या ताटात पडायच्या, शेपटीकडच्या त्याच्या. तो त्या अशा चवीने खायचा की मला माझी मधली काप फिकी वाटायला लागायची. म्हणजे तेव्हाही मी त्याच्याच ताटात बघत होतो.

त्याच्याकडे वडिलोपार्जित एक डोंगर होता. डोंगर कसला, जांभ्याचा उघडा चढ. काजू सोडून तिथं काही येत नव्हतं. ‘साडूच्या डोंगरावर माकडंसुद्धा फिरकत नाहीत’ असं मी चारचौघांत म्हणायचो आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसायचा.

मग खाणी बंद पडल्या. ट्रक जागच्या जागी गंजले, कित्येक भंगारात गेले, आणि माझ्या गॅरेजात स्कूटरचे ब्रेक आवळण्यापलीकडे काम उरलं नाही. तिकडे पेडण्यात विमानतळ आला, रुंद रस्ता आला, आणि माकडं न फिरकणाऱ्या त्या चढावरून समुद्र दिसतो हे दिल्लीच्या लोकांना कळलं. साडूने अर्धा डोंगर विकला. त्यानंतरच्या पंगतीत मधली काप त्याच्या ताटात पडली. कुणी ठरवून केलं नसेल, सासूबाईंच्या हाताला ते कळलंही नसेल. मला मात्र कळलं, आणि ते जेवण मला पचलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर निभावलं असतं. पण एक दिवस तो सकाळीच गॅरेजात आला, कागदात गुंडाळलेले गरम उंडे पाव माझ्या हातात दिले आणि म्हणाला, “दादानू, माका एक जुनी स्पोर्ट्स गाडी घेवची आसा. दोन बगून ठेवलंय. तुमका गाडयेतला कळता, माका काय कळाना नाय. तुमी सांगशात ती घेतंय.”

पहिली गाडी चोपड्याला, नदीकाठच्या एका घरात होती. कुणी परदेशी माणूस ती मागे सोडून मायदेशी गेला होता आणि घरमालकाला ती विकायची होती. दुसरी डिचोलीची, असं तो म्हणाला आणि मी हातातला पाना खाली ठेवला. कारण डिचोलीत तशी गाडी एकच होती.

गडद हिरवी, दोन माणसांची, उघड्या छताची. पोर्तुगीजांच्या काळात बोटीने आलेली. एका खाणवाल्या कंत्राटदाराची होती ती. मी उस्तादाकडे काम शिकत होतो तेव्हापासून तिची देखभाल आमच्याकडे. तिचा एकेक नट मला ठाऊक. एकदा त्या मालकाने मला ती मये तळ्यापर्यंत चालवायला दिली होती, जाऊन येऊन. त्या दिवशी परत आल्यावर मी कितीतरी वेळ हात धुतले नाहीत. धंदा तेजीत असताना मी मनात ठरवून टाकलं होतं की म्हातारपणी ही गाडी आपली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. कंत्राटदार गेला, गाडी झाकून ठेवली गेली, माझी तेजीही गेली. आणि आता ती साडूच्या हाती पडणार होती, ज्याने जन्मात स्कूटर आणि मासळीचा टेम्पो सोडून काही हाकलं नव्हतं. माझा नुसता तिळपापड झाला.

आधी चोपड्याला गेलो. गाडी लालभडक, नव्या रंगाने चकाकत होती. साडूने तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. मी खिशातलं लोहचुंबक काढलं आणि दारांच्या खालच्या अंगाला लावलं. चिकटेना. पत्रा खाऊन गेलेला आणि वर बोटभर पुट्टी भरून रंग मारलेला. खाली वाकून स्क्रूड्रायव्हर टोचला तर चासीचा पोपडा हातात आला. नदीच्या तोंडावरची खारी हवा, दुसरं काय होणार? ती गाडी बाहेरून नवरी आणि आतून वाळवीचं लाकूड होती.

“कशी आसा?” साडूने विचारलं.

“बरी आसा,” मी म्हणालो.

मग डिचोलीला. कंत्राटदाराच्या बाईंनी स्वतः कापड ओढून काढलं. खाणीची लाल धूळ बसून हिरवा रंग मेंदीसारखा झाला होता, चामडं फाटलेलं, टायर बसलेले. पण चुंबक लावीन तिथे चिकटत होतं. मी बॅटरी जोडली, पेट्रोल ओतलं, आणि ती तिसऱ्या झटक्याला सुरू झाली. तो आवाज ऐकून बाई आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी बॉनेटवर हात ठेवून उभा होतो. साडू म्हणाला, “ही म्हातारी दिसता, नाय? पण आवाज बरो आसा.”

त्याच वेळी मी म्हणायला हवं होतं की डोळे मिटून हीच घे. सरळ दोन शब्दांचं काम होतं. मी म्हणालो, “दोन्ही आपापल्या परीन बऱ्या आसात. विचार कर.”

घरी बायकोने विचारलं, “त्येका सांगलात काय?” मी म्हणालो, सांगण्यासारखं काही नाही. “तुमका गाडयेतला कळाना नाय असा पयल्यांदाच आयकतंय,” एवढं म्हणून ती कामाला लागली.

मी गोलमाल बोललो नसतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. उस्ताद माणसालाच जर ठरवता येत नाही तर मग देवालाच विचारायला हवं, असं साडूने सरळ मनाने ठरवलं. पण तेवढ्यात त्याच्या भाऊबंदांत एक म्हातारा वारला. सुतक आलं, देवळाची पायरी बंद. इकडे बाईंकडे बेंगळुरूचं एक गिऱ्हाईक रविवारी येणार होतं. गाडी नंतर घेतली तरी चालेल, पण शब्द आधी द्यायला हवा. साडूचा फोन आला. “सुतक माका आसा, तुमका नाय. तुमच्या सातेरीक जावन कौल लावा, दादानू. देवी देयत ती माझी.”

मी गेलो. देवळात त्या वेळी गर्दी नव्हती. गुरवाला सांगितलं की साडूसाठी विचारायचं आहे. उजवी पाकळी दिली तर डिचोलीची गाडी, डावी दिली तर चोपड्याची. त्याने ओल्या पाकळ्या देवीला दोन्ही बाजूंना लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि आम्ही हात जोडून उभे राहिलो. कौल लावला की कधी कधी तासभर तिष्ठावं लागतं. पाकळी हलत नाही, गुरव पुन्हा पुन्हा गाऱ्हाणं घालतो, लोक मांडी घालून बसतात. मी मनात म्हणत होतो, डावी दे. मी सातेरीला नवस बोललो नाही एवढंच. आणि उजवी पाकळी टपकन पडली. गुरवाचं गाऱ्हाणं पुरतं संपलंही नव्हतं.

“एका फटक्यात,” गुरव खूश होऊन म्हणाला. “अशी क्वचित देता.”

देवळाच्या बाहेर येऊन मी चपला घातल्या आणि साडूला फोन लावला. माझा आवाज अगदी शांत होता, हे मला अजून आठवतं.

“डावी,” मी म्हणालो.

पलीकडून तो म्हणाला, “डावी? बरा. देवीची मर्जी.”

मला ती गाडी घ्यायची ऐपत नव्हती. मी घेणार नव्हतो, घेऊ शकत नव्हतो. मला फक्त ती त्याच्याकडे नको होती. स्वतःपासून लपवायला जावं तर मन हे फार लहान घर आहे, म्हणून इथे स्पष्ट लिहितो.

बाईंना मी सांगितलं की साडूचा विचार फिरला. रविवारी बेंगळुरूचा माणूस आला. पुढच्या आठवड्यात गाडी ट्रकवर चढवायची होती तेव्हा बाईंनी मलाच बोलावलं, कारण ती सुरू करायची हातोटी दुसऱ्या कुणाला नव्हती. मीच ती फळ्यांवरून वर नेली, मीच चाकांना दोर बांधले, आणि ट्रक साखळी गावाच्या दिशेने गेला. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथे दैवाने दिलं साडूला आणि कर्म केलं मी.

सुतक फिटलं, साडूने लाल गाडी घरी आणली, नारळ फोडला, सगळ्यांना पेढे वाटले. महिन्याभरात ती बोलायला लागली. आधी दार निखळलं, मग सायलेन्सर तेरेखोलच्या फेरीबोटीकडे जाताना वाटेत पडला, मग पावसात पाणी खालून आत यायला लागलं. दर रविवारी ती टो होऊन माझ्या गॅरेजात यायची. मी वाट बघायचो की आज हा चिडेल, आज देवीला बोल लावेल, निदान मला तरी लावेल. छे. तो स्टुलावर बसून चहा प्यायचा, मला पाने हातात द्यायचा, आणि गाडी कुठे कुठे बंद पडली ते असं रंगवून सांगायचा की गॅरेजात बाकीचे लोक काम सोडून ऐकायचे. बंद पडली तिथे कुणी त्याला नारळपाणी दिलं होतं, कुणी घरी जेवायला नेलं होतं. मला वाटलं होतं, मी त्याला फुटकं मडकं दिलंय. तो त्यातूनही पाणी पीत होता. चांगली गाडी मिळून मी झालो नसतो एवढा हा माणूस त्या खटाऱ्यावर सुखी होता, आणि ते मला बघवत नव्हतं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी गाडी जॅकवर होती. मी खाली पाठीवर पडून फरशीचा पत्रा कापत होतो. पत्रा काय, सुकलेली भाकरी. हाताने तुकडे पडत होते. साडू वर बसून कसलीशी ओवी गुणगुणत होता. मला त्याचा असा काही राग आला की मी खालूनच बोललो. माझ्या मनाला टोचणी लागली म्हणून बोललो असं सांगायला मला आवडलं असतं. तसं नव्हतं. त्याचं गुणगुणणं थांबावं म्हणून मी बोललो.

“त्या दिवशी कौल उजवो पडललो,” मी म्हणालो. “मी तुका खोटा सांगलंय.”

गुणगुणणं थांबलं. मी गाडीखालून बाहेर आलो, कारण त्याचा चेहरा मला बघायचा होता.

“माका ठावक आसा,” तो म्हणाला.

सुतक फिटल्यावर गाडी घेण्याआधी तो आमच्या सातेरीला नारळ ठेवायला आला होता. गुरवाने आपणहून सांगितलं, उजवी, एका फटक्यात.

“मग तू ही लाल कित्याक घेतलस?” मी विचारलं.

“मी म्हटलंय, दादानूक ती हिरवी व्हयी आसतली,” तो म्हणाला. “डिचोलीक तुमी बॉनेटार हात ठेवललो, तो मी बगितललंय. माका सांगूक लाज वाटली आसतली, म्हणान असा सांगलात. तुमकाच मिळूंदे म्हणान मी गप रवलंय.” त्याने ग्लासातला उरलेला चहा संपवला. “मागीर ती बेंगळुरूक गेली म्हणान आयकलंय. तुमी ती घेवक का नाय?”

मी हाताला लागलेलं ऑइल चिंधीला पुसत राहिलो.

“पैशे जुळले नाय,” मी म्हणालो.

तो खरंच कळवळला. “माका एक शब्द सांगूचो होतो, दादानू. मी दिलंय आसतंय. तुमी ती चालयलात आसती, माका कधीतरी बाजूक बसयलात आसतात.”

एवढं बोलून त्याने जमिनीवर पडलेला पाना उचलला आणि माझ्यापुढे धरला, काम अर्धं राहिलं होतं म्हणून. मी तो घेतला आणि परत गाडीखाली गेलो. डोंगर विकला तेव्हा, पहिलं पान गेलं तेव्हा, कधीच मला त्या माणसाचा इतका हेवा वाटला नव्हता.