शहाणा फळा आणि माझं भाषण

चहा येईपर्यंत सांगूनच टाकतो. नाहीतर तुम्हाला हे दुसऱ्या कुणाकडून कळेल आणि तो मीठमसाला लावून सांगेल. माझी फजिती मीच सांगितली म्हणजे निदान मसाला तरी घरचा राहतो.

आमची शाळा नारायण पेठेत. मी तिथे गणित शिकवतो. खडू, लाकडी कंपास आणि घसा ही माझी तीन साधनं. अशा या शाळेत एका वर्षी डिजिटल फळा आला. पांढराशुभ्र, चारी बाजूंनी काळी चौकट, वर प्रोजेक्टर. बोट टेकवलं की रेघ उमटते, बोटानेच पुसली जाते. एकच फळा, आणि तोही महिनाभर वापरून बघायला दिलेला. पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर परत.

मी त्याचं नाव ठेवलं शहाणा फळा. शिक्षकांच्या खोलीत माझं त्याच्यावर रोज एक भाषण व्हायचं. मुलांची अक्षरं बिघडतील, डोळे जातील, पाढे विसरतील, आणि लाइट गेली की शाळा सोडून द्यायची का? हे भाषण मला इतकं पाठ झालं होतं की मधूनच कुठूनही सुरू करता यायचं.

आमच्या मुख्याध्यापिका फडके बाई. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, तो फळा तुमच्याच वर्गात लावतेय. सातवी ब."

"माझ्याच का?"

"तुम्हाला पटलं तर जगाला पटेल. आणि नाही पटलं तर एकच वर्ग वाया जाईल."



आता गंमत ऐका. इष्टिकाचितीचं पृष्ठफळ हे आमच्याकडचं जुनं दुखणं. वर्षानुवर्षं मी चपलांची खोकी फाडून दाखवत आलोय. मुलं खोक्याकडे बघत, माझ्याकडे बघत आणि परीक्षेत हटकून घनफळ काढून येत. त्या फळ्यावर मात्र खोकं बोटाने उलगडायचं. शेवटच्या बाकावरची मृण्मयी, जिने माझ्या तासाला कधी तोंड उघडलं नव्हतं, ती पुढे आली. तिने स्वतःच्या बोटाने ते खोकं उघडलं, पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, हे तर नुसते सहा आयत आहेत. मग इतके दिवस घाबरवलंत कशाला?"

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, मला भरून आलं.

त्या दिवसापासून मी फितूर झालो. शाळा सुटल्यावर दार लोटून घेऊन मी त्या फळ्यावर वर्तुळं काढत बसायचो. कंपासाशिवाय वर्तुळ! पण शिक्षकांच्या खोलीत हे सांगणार कसं? पुणेकराला मत बदलता येतं हो, ते जाहीर करता येत नाही. तिथे माझं भाषण पूर्वीसारखंच चालू होतं.

महिना संपता संपता पालकसभा ठरली. संस्थेचे अध्यक्ष येणार, मी नमुना पाठ घेणार आणि त्यावर फळा ठेवायचा की परत पाठवायचा, याचा निर्णय होणार. मला तो फळा हवा होता. माझ्या वर्गात, कायमचा, मृण्मयीसारख्या पोरांसाठी. आणि थोडा माझ्यासाठीही.

त्या दिवशी सकाळी मी मुद्दाम मंडईत जाऊन झेंडूचा हार आणला. आमच्या घरात नव्या वस्तूला हार घातल्याशिवाय मिक्सरसुद्धा फिरवत नाहीत. हार चांगला भरघोस, हाताएवढा जाड.

फडके बाई म्हणाल्या, "सर, फळ्याला हार?"

"बाई, शुभकार्य आहे."

"बरं. पण पाकळ्या तुम्ही झाडायच्या."

फळ्याच्या वरच्या दोन कोपऱ्यांना दोन टोकं अडकवून मी हार छान झुलता सोडला. उंबऱ्यावर नारळ फोडला. पालक येऊन बाकांवर अवघडून बसले. उकडत होतं म्हणून पंखा लावला, प्रोजेक्टर चालू केला आणि मी त्रिकोणाचा पाया काढला.

पाया उमटला. आणि वर, माझा हात नसताना, दुसरी एक रेघ आपली आपण उमटली.

मी ती पुसली. दोन नव्या उमटल्या. मग पान उलटलं. मग ते खोकं आलं, गरागरा फिरलं, उघडलं, मिटलं. मग खाली अक्षरांची पट्टी आली आणि फळा स्वतःच 'मममममम' असं लिहायला लागला.

"हा जरा उत्साही आहे," मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

समोरचे निम्मे पालक हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत नोकरी करणारे. त्यांना आयतंच काम मिळालं.

"सर, कॅलिब्रेशन गेलंय," निळ्या शर्टातले एक वडील म्हणाले.

"ड्रायव्हर अपडेट नसेल," दुसरे म्हणाले.

"व्हायरस आहे. पेन ड्राइव्ह कुणी लावला होता?"

"एकदा ऑफ करून ऑन करा ना."

ऑफ करून ऑन केलं. फळा ताजातवाना होऊन पुन्हा सुरू झाला. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या एक आजी म्हणाल्या, "मास्तर, हार एका बाजूला कलंडलाय हो. तेवढा सारखा करा." मी लगेच हार ओढून मधोमध आणला, जरा खालीही घेतला, म्हणजे शोभा येईल. त्यानंतर फळ्याने जे केलं त्याला मराठीत शब्द नाही. सगळं लाल झालं आणि त्या लालात खोकी नाचायला लागली.

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं.

आता शिक्षक हा प्राणी कसा असतो, तुम्हाला ठाऊक आहे. वर्गासमोर गप्प उभं राहणं त्याला जमत नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं काय, तर तेच पाठ झालेलं भाषण.

"पालकहो, बघा हे यंत्र! आपला काळा फळा आजवर कधी असा वागला आहे का? त्याला कधी व्हायरस झाला? खडू तुटतो, पण तुटला तर एकाचे दोन होतात!"

टाळी पडली. मग आणखी पडल्या. आतून एक आवाज म्हणत होता, अरे गाढवा, तुला हा फळा हवाय ना? पण टाळ्या पडत असताना आतले आवाज कुणाला ऐकू येतात? मी अक्षर, डोळे, पाढे सगळं घेतलं. गुरूची जागा यंत्र घेऊ शकत नाही, हेही घेतलं. अध्यक्षांनी रुमाल डोळ्यांना लावला. मलाही माझंच बोलणं ऐकून गहिवरून आलं. आणि त्या भरात मी म्हणालो, "या हाराचा खरा मानकरी हा आहे!" शहाण्या फळ्यावरचा हार काढला आणि कोपऱ्यात टेकवून ठेवलेल्या जुन्या काळ्या फळ्याला घातला.

शहाणा फळा शांत झाला.

एकदम शांत. एकही रेघ नाही. टाळ्याही थांबल्या.

निळ्या शर्टातले वडील उठून उभे राहिले. "सर, एक मिनिट. तो हार परत इकडे घाला बरं."

घातला. खोकी नाचायला लागली. काढला, थांबली. मी गणिताचा माणूस. एका उदाहरणावर विश्वास ठेवायचा नाही, असं आयुष्यभर शिकवलेलं. तेव्हा भर सभेत मी हा प्रयोग तीनदा केला, आणि तिन्ही वेळा गुन्हेगार मीच निघालो.

मग त्यांनी समजावून सांगितलं. चौकटीतून न दिसणारे किरण जातात, आणि त्यांच्या आड जे येईल ते फळ्याला बोट वाटतं. म्हणजे पंख्याच्या वाऱ्यावर हलणारा माझा झेंडू त्याला बोटांसारखा वाटत होता. अध्यक्ष म्हणाले, "थोडक्यात, सर, तुम्ही अख्खी शाळा एकदम फळ्यावर पाठवलीत. त्या मानाने त्याने बरंच सांभाळून घेतलं."

झालं. पालक खूश, फळा मंजूर. सोमवारी फडके बाईंनी मला बोलावून घेतलं.

"अभिनंदन. फळा राहिला. सातवी अ मध्ये हलवलाय, केतकी मॅडमकडे."

"अ मध्ये? का?"

"सर, तुमच्या भावनांचा आदर नको का राखायला? अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी होतं. तुमचा काळा फळा नवीन रंगवून घेतलाय, खास."

त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. त्यांना सगळं कळलं होतं की नव्हतं, हे मला आजतागायत समजलेलं नाही. माझं मत बदललंय, एवढं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि "आभारी आहे" म्हणून बाहेर आलो.

वर्गात मृण्मयीने विचारलं, "सर, आपला फळा कुठे गेला?" तेव्हा मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि केतकी मॅडमला गाठलं. ती माझीच जुनी विद्यार्थिनी. तिला सगळं खरं सांगितलं. ती पोटभर हसली आणि मग कबूल झाली. आता भूमितीच्या तासाला माझी सातवी ब तिच्या वर्गात जाते, दाटीवाटीने बसते. मृण्मयीला हवं ते मिळालं, त्यामुळे माझी तक्रार नाही. मी तिच्या शेजारी, शेवटच्या बाकावर बसतो. निरीक्षणासाठी, असं सगळ्यांना सांगितलंय.

परवा केतकी मॅडमने विचारलं, "शंकू कोण उलगडून दाखवेल?" सगळ्या हातांबरोबर माझाही हात वर गेला. गेला म्हणजे मी केला.

"सर, हात खाली," ती म्हणाली. "ज्यांनी गृहपाठ केलाय त्यांनाच फळ्यावर बोलावणार आहे."

अख्खा वर्ग मागे वळून बघायला लागला. मी हात खाली घेतला. मृण्मयीला दया आली असावी. तिने काही न बोलता आपली वही माझ्यापुढे सरकवली. आणि काय सांगू, इतकी वर्षं कॉपी पकडणारा मी, ती भराभर उतरवून काढली.