झाकून ठेवलेली करवंटी

वसईतले ते प्रकरण अजून मनातून गेलेले नाही. दारूबंदी नुकतीच आली होती आणि मी तिथे फौजदार होतो. सकाळीच खबर आली, की एका केळीच्या वाडीत आदल्या संध्याकाळी गावठी पिऊन दोघे भाऊ दगावले. तिसरा, त्यांचा चुलत भाऊ, मात्र धडधाकट होता. हवालदाराने त्याला चूळ भरतानाच उचलून आणले.

त्याच्याविरुद्ध तीन गोष्टी होत्या. दारू त्यानेच आणली होती, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भावांशी त्याचे भांडण होते आणि तो स्वतः प्यायला नव्हता.

"गुत्त्यावर तुझा पहिला नंबर," हवालदार म्हणाला. "कालच बरा साधू झालास?"

"मन झालं नाय," एवढेच तो म्हणत राहिला. खुनाचा गुन्हा दाखल करण्याची माझी तयारी झाली होती.

दुपारी त्याची बायको ठाण्यात आली. पदराआड केळीच्या पानाने झाकलेली करवंटी होती, दारूने भरलेली.

"साहेब, हा त्याचा वाटा."

त्या वाडीत दारू प्यायची प्रत्येकाची करवंटी वेगळी. उरलेला वाटा कोणी ओतत नसे, घरी नेऊन दुसऱ्या दिवशी पीत.

"प्यायला का नाही?" मी विचारले.

"आधी गांजा वढला व्हता. वढला का ह्याला दारू गोड लागत नाय. मग सकाळी पितो. गांजाची केस व्हईल म्हनून बोलत नाय येडा."

विष घालणारा आपला वाटा सकाळसाठी कशाला ठेवील? पंचनामा करून करवंटी तपासणीला पाठवली. दारूत लाकडाच्या पॉलिशचे विषारी स्पिरिट निघाले. ते मिसळणारा खाडीकाठचा भट्टीवाला पकडला गेला.

सुटताना तो माणूस हवालदाराला म्हणाला, "चूळ भरून तीच पिनार व्हतो, दादा. तुमी उचललं म्हनून वाचलो."

"आधी बायकोच्या पाया पड," हवालदार म्हणाला.

आमच्या डॉक्टरांचे म्हणणे, एका नशेने डोके सुखावले की काहींना दुसरीची ओढ उरत नाही. काहींना. चिलीम ओढून दुप्पट पिणारेही मी पुढे पाहिले. म्हणून तेव्हापासून संशयिताने काय केले याच्या आधी त्याची रोजची सवय काय, हे मी घरच्यांना विचारू लागलो.

दारूबंदीत भर दुपारी हातात दारू घेऊन ती बाई ठाण्याची पायरी चढली. तिने नवरा वाचवला, आणि एका निरपराध माणसाला फासाकडे नेण्यापासून मलाही. तिचे उपकार मी आजही मानतो.