टेपाडावरचे अकरा ऐन

भाटघर धरणाच्या पाण्याकाठी एक लहानशी वाडी आहे. शाळा आणि एसटीचा थांबा पलीकडच्या तीरावर. त्यामुळे वाडीतल्या पोरांना रोज होडीतून जावं लागतं आणि ही होडी गेली सव्वीस वर्षं मंगलताई चालवतात. सासऱ्यांचा खांदा निखळला तेव्हा आठ दिवसांसाठी म्हणून त्यांनी वल्हं हातात घेतलं होतं. सासऱ्यांचा खांदा पुढे बरा झाला, पण वल्हं काही परत गेलं नाही.

मी भोरला एका कॉलेजच्या कार्यालयात नोकरी करतो. सात वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांच्या सहलीबरोबर जबाबदार माणूस म्हणून मला तिकडे पाठवलं, तेव्हा त्यांची ओळख झाली. सहल होती काजवे पाहण्याची. पुण्याच्या गिर्यारोहकांच्या एका गटाने वाडीत दोन कायाक ठेवल्या होत्या. कायाक म्हणजे दोन माणसं एकामागे एक बसतील अशी प्लास्टिकची लांबट, अरुंद नाव. मंगलताईंचे यजमान गेनूभाऊ तिला गुरांची डोण म्हणतात. होडीच्या वल्ह्याचा करकर आवाज होतो, हिचा होत नाही, म्हणून मंगलताईंनी चार दिवसांत ती शिकून घेतली आणि मे महिन्याच्या शेवटापासून तीन आठवडे त्या लोकांना रात्री पाण्यावर नेऊ लागल्या.

वाडीच्या पुढे पाण्यात घुसलेलं एक टेपाड आहे. त्यावर ऐनाची अकरा झाडं आहेत. वळवाच्या एक-दोन सरी झाल्या की या अकरा झाडांवर काजव्यांची गर्दी होते. सगळे एकदम पेटतात, एकदम विझतात. टेपाडाचा चढ उभा असल्याने पाणी उतरलेलं असलं तरी झाडांचं प्रतिबिंब पाण्यात पडतं. साडेआठच्या सुमारास वारा पडतो. तेव्हा मंगलताई हळूच सांगतात, "आता वल्हं मांडीवर. पाणी हलवू नका." पाणी निवळतं आणि अकराची बावीस झाडं होतात. आपण मधे, काळोखात, आणि वरून-खालून तो उजेड. मी पहिल्या वर्षी पाहिलं आणि मग दर वर्षी जात राहिलो.

दोन हजार तेवीसच्या एप्रिलात ते टेपाड जळालं. जाळलं मंगलताईंनीच.

आमच्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी त्या जागेवर फांद्या, पाला, शेण पसरून पेटवतात. त्याला राब भाजणं म्हणतात. तण मरतं, रोप जोमात येतं. राब पहाटे पेटवायचा, वारा नसताना, आणि वरच्या बाजूने, ही रीत. त्या दिवशी पोरांची परीक्षा होती. सकाळ होडीच्या तीन फेऱ्यांत गेली आणि मंगलताईंनी टेपाडाला लागून असलेल्या वावरातला राब दुपारी पेटवला, तोही खालच्या बाजूने. वारा फिरला. टेपाडावरचं गवत आणि झाडांखालचा ढीगभर पाला दीड तासात राख झाला. ऐनाच्या जाड सालीमुळे झाडं वाचली. जूनमध्ये मात्र त्यांच्यावर एकही काजवा आला नाही.

सहलीला आलेले लोक विचारत, काय झालं? शेजारीपाजारी वणव्यावर ढकलायला तयार होते. मंगलताई सरळ सांगत, "म्या जाळलं. दुपारी राब लावला."

टेपाड गेनूभाऊ आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या नावावर आहे. हे धाकटे, आनंदराव, भोरला राहतात. काजव्यांसाठी त्यांनी आजवर झाडांना हात लावू दिला नव्हता, पण आता त्यांना कारण उरलं नाही. लाकूडवाला टेम्पो घेऊन यायला तयार होता, तोडीच्या परवानगीचा अर्जही लिहून झाला होता. मंगलताईंनी एक वर्ष मागून घेतलं.

"वैनी, पुढल्या सालीबी अंधारच असला तर?" आनंदरावांनी विचारलं.

"तर टेम्पो हितपत्तोर म्या आणीन. होडीत घालून."

त्याच वर्षी गणपतीच्या सुट्टीत मी वाडीला गेलो. संध्याकाळ झाली होती. पलीकडच्या तीरावर मंगलताई ओल्या पाल्याच्या पाट्या होडीत भरत होत्या. पलीकडे देवराई आहे. देवराईतलं पानसुद्धा कोणी उचलत नाही, म्हणून त्या हद्दीच्या दगडाबाहेरचाच पाला गोळा करत होत्या, तोही हाताने, हलकेच. मला बसायला फळीवर जागा केली आणि पाय पाट्यांच्या मधे ठेवायला सांगितले.

"एवढा पाला कशाला, ताई?"

"अंधार पडू द्या, भाऊसाहेब. मग इचारा."

पाण्याच्या मध्यावर पोचेपर्यंत अंधार पडला. माझ्या पायाशी, पाल्यामधे, एक हिरवट ठिपका दिसला. मग दुसरा. थोड्या वेळाने प्रत्येक पाटीत पाच-सहा मंद ठिपके होते. उडणारे नव्हते, सरपटणारे होते. काजव्यांच्या अळ्या.

"लहानपणी माहेरी शेळ्या राखताना बघितलंय," त्या वल्हं मारत म्हणाल्या. "पावसाळ्यात ही अळी कुजक्या पाल्यात ऱ्हाती, गोगलगाय खाती. उन्हाळ्यात तिलाच पंख फुटत्यात. म्या जाळला तो पाला न्हवता, तिचं घर हुतं. मग घर नेऊन द्यायला नको?"

हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. पाहिलं होतं आणि लक्षात ठेवलं होतं.

काठावर गेनूभाऊ कंदील घेऊन उभे होते. "या भाऊसाहेब. लोकांच्या बायका माहेरहून साडी आणत्यात, आमची परगावचा केर आणती."

"धरा ती पाटी," मंगलताई म्हणाल्या. "अन् आपटू नका. आत जीव हायेत."

गेनूभाऊंनी पाटी धरली आणि आपटली नाही. पावसाळाभर दोघांनी मिळून साठाच्या वर पाट्या टेपाडावर चढवल्या. पुढच्या उन्हाळ्यात मंगलताईंनी राब भाजला नाही, शेणखताचे उंच वाफे करून ठेवले. यंदा तणच मळून खा, असं बायकांनी चिडवलं. त्या म्हणाल्या, "खुरपायला तुमालाच बोलावणार हाय."

एक जून दोन हजार चोवीस, शनिवार. वळीव दोनदा येऊन गेला होता. आनंदराव ठरल्याप्रमाणे आले. काजवे काठावरूनही दिसले असते, पण मंगलताईंनी त्यांना कायाकमधे बसवलं. पाण्याकाठी वाढलेला तो माणूस त्या अरुंद नावेत दोन्ही कडा घट्ट धरून बसला.

"वैनी, ही डोण उलटली तर?"

"जाकीट घातलंय न्हवं? मग तरंगाल. अन् बोलू नका लई."

त्या मागे, आनंदराव पुढे. दुसऱ्या कायाकमधे गेनूभाऊ आणि मी. काळोख दाट होता. टेपाडासमोर येऊन थांबलो. झाडं काळी उभी होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. गेनूभाऊ एकदा खाकरले. मला वाटलं, अळ्या मेल्या असणार, नाहीतर गोगलगायी मिळाल्या नसणार.

मग पाण्याजवळच्या सगळ्यात खालच्या ऐनावर एक ठिणगी दिसली. पुन्हा काळोख. मग त्याच फांदीवर वीसेक. शेजारच्या झाडावर तेवढ्याच. तिसऱ्या झाडाने वेळ घेतला, पण पेटलं ते शेंड्यापर्यंत. बाकीची आठ झाडं शेवटपर्यंत काळीच राहिली. अकरांपैकी तीन. पूर्वीच्या मानाने ते काहीच नव्हतं आणि एवढ्यावर आनंदराव काय म्हणतील हे मला सांगता आलं नसतं.

पाण्यावर अजून झुळूक होती, प्रतिबिंब फुटत होतं. त्यांना जवळून दिसावं म्हणून मंगलताईंनी कायाक पुढे घ्यायला वल्हं पाण्यात घातलं.

आनंदरावांनी मागे न वळता हात वर केला. "वैनी," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "वल्हं मांडीवर ठेवा. पाणी हलतंय."

मंगलताईंनी वल्हं मांडीवर ठेवलं. थोड्या वेळाने वारा पडला आणि तिनाची सहा झाडं झाली. आम्ही तिथे किती वेळ होतो, मी घड्याळ पाहिलं नाही.

काठावर उतरताना आनंदराव घोटाभर चिखलात गेले. चप्पल ओढून काढत म्हणाले, "टेम्पोवाल्याला उद्या फोन करतो. येऊ नको म्हणून." मग विचारलं, "पलीकडचा पाला कधीपासनं आणायचा असतो?"

"पाऊस लागला की," मंगलताई म्हणाल्या. "आठ झाडं ऱ्हायल्यात. धरा हिकडनं."

आणि त्यांनी कायाकचं एक टोक आनंदरावांच्या हातात दिलं.