सुरुवातीचा माणूस

अर्धवट कामं करणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, मीही त्यांतलाच एक. पण आमच्या दिग्दर्शकाइतक्या निष्ठेनं, मन लावून आणि आनंदानं फक्त सुरुवातच करणारा माणूस महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत दुसरा झाला नाही. तो चहा अर्धा प्यायचा. कॉलेजच्या कॅन्टीनवाल्यानं कंटाळून त्याला अर्धाच कप द्यायला सुरुवात केली, तर हा त्यातलाही अर्धा ठेवून उठायचा. महाडात राहून रायगड न चढलेला माणूस सापडणं कठीण, पण हा दर हिवाळ्यात चढायला निघायचा, अर्ध्या वाटेवर एखाद्या दगडावर बसून खालची दरी बघायचा आणि "गडाचा अंदाज आला" असं म्हणून उतरायचा. गिटार, योगासनं, पोहणं, इंग्रजी बोलणं, शेळीपालन, सगळ्याचे पहिले धडे त्याला तोंडपाठ होते. एकदा तर तो एकाच गालाची दाढी करून वर्गात आला. दुसऱ्या गालाला वस्तरा लावणार तोच त्याला एका फिल्मची कल्पना सुचली म्हणे, आणि तो ती लिहायला बसला. ती कल्पनाही अर्धीच लिहून झाली होती.

त्याला दिग्दर्शक हे नाव त्यानं काहीही दिग्दर्शित करण्याच्या आधीच पडलेलं होतं. दोन हातांच्या बोटांची चौकट करून तो सगळ्या जगाकडे बघायचा. भाजीवालीकडे, एसटीच्या फलाटाकडे, प्राचार्यांच्या टकलाकडेसुद्धा. आमच्या मीडियाच्या वर्गातली सायली, जिच्याकडे स्वतःचा कॅमेरा होता, तिला त्यानं पहिल्या वर्षी जिन्यात गाठून सांगितलं होतं, "मला तुझ्याशी एक बोलायचंय." एवढं बोलून त्याचं लक्ष जिन्यावर पडलेल्या उन्हाकडे गेलं आणि तो चौकट करून ते ऊन बघत वर निघून गेला. सायली बिचारी तिसऱ्या वर्षापर्यंत वाट बघत होती. शेवटी ती आमच्या ग्रुपमध्ये आली ती बहुधा राहिलेलं वाक्य कॅमेऱ्यामागून तरी कानावर पडेल या आशेनं.

अशा माणसाला शेवटच्या वर्षी सरांनी जे काम दिलं, ते त्याच्या मापानं शिवून घेतल्यासारखं होतं. सर म्हणाले, "चौघाचौघांचे ग्रुप करा आणि एका थ्रिलर फिल्मची फक्त सुरुवात करून आणा. दोन मिनिटांची. पुढची गोष्ट नको, शेवट नको. नुसती उत्सुकता निर्माण झाली पाहिजे." सगळा वर्ग वळून आमच्या दिग्दर्शकाकडे बघायला लागला. तो मात्र गंभीर होता, कारण आदल्याच रात्री त्याच्या बाबांचा मुंबईहून फोन आला होता. बाबा तिकडे एका गोदामावर मुकादम होते आणि त्यांचा आवाज फोनच्या बाहेरही ऐकू यायचा. "आयुष्यात एक तरी गोष्ट पुरी करून दाखव. या वर्साला नाय केलीस तर जूनमधी गोदामावर ये. तुझी जागा मी बोलून ठेवलीय." म्हणजे ही दोन मिनिटं झाली नाहीत तर आमचा दिग्दर्शक जूनपासून गोण्या मोजणार होता. तो रात्रभर झोपला नव्हता, निदान अर्धी रात्र तरी नक्कीच.

त्याची कल्पना अशी होती. धुकं. धुक्यातून काळा रेनकोट घातलेला एक अनोळखी माणूस चालत येतो. त्याचा चेहरा दिसत नाही. तो एका बंद घरापाशी थांबतो, कुलूप उघडतो, आत जातो, दार लागतं. संपलं. "पण हा माणूस आहे कोण?" मी विचारलं, कारण संवाद आणि पटकथा या खात्यात माझं नाव होतं आणि संवाद तर एकही नव्हता. "ते मलाही माहीत नाही," तो म्हणाला. "दिग्दर्शकाला कळलं की सस्पेन्स गेला." अनोळखी माणसाचं काम आमच्यातल्या चौथ्याला, वरंधच्या दिनेशला दिलं, कारण त्याच्याकडे रेनकोट होता.

आता अनोळखी माणूस ही गोष्ट मुंबई-पुण्यात रस्त्यावर पडलेली असते. आमच्याकडे ती मिळता मिळत नाही, हे आम्हाला शूटिंगला उभं राहिल्यावर समजलं. पहिल्या दिवशी महाडच्या बाजारपेठेत, भर जानेवारीत, कोरड्या ठणठणीत रस्त्यावरून दिनेश रेनकोटची टोपी नाकापर्यंत ओढून गूढपणे चालायला लागला, तर तिसऱ्या पावलाला एक दुकानदार ओरडला, "दिन्या, आईला सांग, दळण झालंय!" दुसऱ्या दिवशी पोलादपूरच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी, तो नुसता रस्त्याकडेला उभा राहिला. पाठमोरा. आमच्या दिग्दर्शकाच्या मते त्या पाठीतूनच भीती वाटणार होती. तेवढ्यात एसटी आली, ड्रायव्हरला दया आली, गाडी थांबली आणि कंडक्टर दार उघडून म्हणाला, "चला, चला, लवकर." दिनेश सरळ स्वभावाचा मुलगा, तो चढलासुद्धा. पुढच्या थांब्यावरून चालत परत येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं.

तिसऱ्यांदा आम्ही उमरठला गेलो. तिथल्या एका गल्लीतून दिनेशनं सावकाश, पाय ओढत यायचं होतं. निम्म्या गल्लीत एका आजोबांनी काठी आडवी घातली. "कुनाचा रे तू?" दिनेशनं चेहरा न दाखवण्याची शपथ घेतली होती, म्हणून त्यानं टोपीच्या आतूनच बापाचं नाव सांगितलं. "वरंधच्या कुठल्या आळीतला? मंग तुझी आत्या दिली ती किन्हेश्वरला का?" असं करत करत पाच मिनिटांत आजोबा त्याचे दूरचे मामा निघाले. मामाच्या दारावरून भाच्यानं उपाशी जायचं नाही, म्हणून आम्ही चौघंही जेवायला बसलो. तांदळाची भाकरी, वालाची आमटी आणि सुकटीची चटणी. आमचा दिग्दर्शक अर्धी भाकरी ताटात ठेवून हताशपणे म्हणाला, "या तालुक्यात खून होऊच शकत नाही. त्याआधी नातं निघतं. अरे, खुनी माणूस असा जेवायला बसतो का?" दिनेश चटणी वाढून घेत म्हणाला, "बोलावलं तर बसतो."

एवढ्यावर त्यानं हे काम सोडून द्यायला हवं होतं. त्याच्या जुन्या हिशेबानं सोडायची वेळ केव्हाच टळून गेली होती. पण गोदाम डोळ्यांसमोर होतं. दोन दिवसांनी त्यानं पाकिटातून एक गंजलेली चावी काढून आमच्यासमोर ठेवली. कुडपणला, वर पठारावर, त्याचं स्वतःचं घर होतं. आजोबा गेले तेव्हा बाबांनी त्याला कुलूप घातलं, चावी मुलाकडे दिली आणि ते मुंबईला गेले ते पुन्हा शिमग्यालाही आले नाहीत. त्या वाडीत निम्मी घरं तशीच बंद, माणसं मुंबईत. "तिथं कोण ओळखणार?" तो म्हणाला. "तिथं माणूसच नाही." आपल्याच गावाबद्दल असं बोलताना त्याला काही वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नाही. आम्हाला बंद घर हवं होतं.

दिनेशच्या चुलतभावाच्या जीपमधून, त्यालाच चालवायला लावून, आम्ही उजाडता उजाडता वर पोचलो. धुकं असं होतं की सायलीनं आनंदानं डोळे मिटले. घर अगदी हवं तसं, उतरत्या कौलांचं, अंगणात गवत वाढलेलं. दिनेश धुक्यातून आला, छान आला, कुणी हाक मारली नाही. कुलूप मात्र उघडेना. अनोळखी माणूस पाच मिनिटं कुलपाशी झटापट करत होता, अखेर जीपमधलं ऑइल घातलं तेव्हा ते सुटलं. पुन्हा पहिल्यापासून केलं. या वेळी तो आला, कुलूप निघालं, दार इतकं सुंदर करकरलं की आमच्या दिग्दर्शकानं माझा दंड घट्ट धरला. आता फक्त दिनेशनं आत पाऊल टाकून दार लावायचं होतं. आमच्या दिग्दर्शकाच्या आयुष्यातली पहिली पुरी होणारी गोष्ट एका पावलावर आली होती.

तेवढ्यात घराच्या बाजूनं एक म्हातारी लगबगीनं कॅमेऱ्यात शिरली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. ती शेजारची काकी होती. कुलपाची खटपट ऐकूनच ती गोठ्यातलं काम टाकून घरातून हे घेऊन धावत आली होती. "थांब रे, थांब! तसाच आत नको जाव," ती म्हणाली. "इतक्या वर्सांनी आलास, असाच उंबरा वलांडतोस व्हय?" आणि तिनं त्या रेनकोटवरून भाकरीचा तुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं, तुकडा गवतात लांब फेकला. दिनेशला चेहरा दाखवायचा नव्हता म्हणून तो खाली मान घालून उभाच राहिला. काकीनं त्याच्या टोपीवर हात ठेवला. "किती बारीक झालास रे शंकर. मुंबयला जेवत नाय काय तू?"

शंकर हे आमच्या दिग्दर्शकाच्या बाबांचं नाव. मी त्याच्याकडे बघितलं. कट म्हणायला त्याचं तोंड उघडलं होतं, ते तसंच उघडं राहिलं. सायलीनं डोळ्यांनी विचारलं, बंद करू? त्यानं मान हलवली. नको. काकी आणि दिनेश त्या दारात उभे होते आणि कॅमेरा चालू होता.

मग तो पुढे गेला आणि काकीला खरं काय ते सांगितलं. ती अजिबात ओशाळली नाही. "मंग काय झाला? तू त्याचाच ना? ये, तुझ्यावरनं पन उतरते," म्हणून तिनं दुसरा तुकडा आणला. आम्हा सगळ्यांवरून भाकरी उतरवून झाली, जीपवाल्यावरूनही, मग काळा चहा झाला. आमच्या दिग्दर्शकानं पेला तळापर्यंत प्यायला. हे मी स्वतः पाहिलं आहे.

वर्गात ती दोन मिनिटं दाखवली तेव्हा आधी एक-दोघं हसले. सर चष्मा पुसत म्हणाले, "हे थ्रिलर नाहीये. आणि पुढे काय?" पुढे काय हा प्रश्न त्याला जन्मभर विचारला गेला होता. पण पास झालो. त्यानं ती फिल्म बाबांना पाठवली आणि संध्याकाळी कॅन्टीनमध्ये फोन आला. बाबा म्हणाले, "कुलूप लावलंस ना रे परत?"

आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघितलं. कुलूप आम्ही कुणीच लावलं नव्हतं. ते कडीला लोंबकळत होतं. उघडायचं काम पटकथेत होतं, लावायचं नव्हतं. बाबा मग जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि सारांश एवढाच की आधी जा आणि लावून ये.

रविवारी गेलो. अंगणातलं गवत निघालेलं, ओटी सारवलेली, आत देवळीत दिवा. काकी केरसुणी टेकवत म्हणाली, "शंकर येतोय ना? मी म्हटला, पोरानी दार उगडा ठेवलानी, म्हंजे येत आसंल." आमचा दिग्दर्शक हातात कुलूप घेऊन दारात उभा राहिला. कितीदा तरी कुलूप कडीपर्यंत नेलं आणि खाली आणलं. आम्ही त्याच्या अर्ध्या कामांना आयुष्यभर हसलो, पण त्या दिवशी कुणी "लाव की" म्हणालं नाही. शेवटी त्यानं फोन लावला. "बाबा, माझ्यानं नाय लागत. तुम्ही या, आणि तुम्हीच लावा." पलीकडून फोन ठेवला गेला.

मे महिन्यात बाबा आले. आवाजावरून मला आडदांड माणूस वाटला होता, निघाले बारीक, दिनेशएवढेच. काकीनं त्यांच्यावरून भाकरी उतरवली तेव्हा त्यांनी दिनेशसारखीच मान खाली घातली. सुट्टी संपेपर्यंत ते राहिले. कौलं नीट केली, काकीच्या गोठ्याचं कुंपण बांधलं, मुलाशी फार बोलले नाहीत. निघायच्या सकाळी आम्ही जीप घेऊन गेलो. त्यांनी दार ओढलं, कडी घातली, कुलूप हातात घेतलं. काकी तिच्या ओटीवर उभी होती. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा कुलपाकडे, आणि मग गुपचूप ते पँटच्या खिशात टाकून जीपमध्ये येऊन बसले. घाट उतरताना मुलाला म्हणाले, "ते जूनचं गोदामाचं..." आणि बाहेर बघायला लागले. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ही खोड घरात कुठून आली, ते मला तेव्हा कळलं.

आता आमचा दिग्दर्शक महाडातच लग्नांचे व्हिडिओ करतो. सुरुवात अप्रतिम असते, पण पाठवणीच्या वेळी तो कॅमेरा बंद करतो, म्हणून मुलीकडचे लोक भांडतात. सायली त्याच्याबरोबर काम करते. जिन्यातलं वाक्य झालं की नाही, ते मी विचारलेलं नाही. मी एका कंपनीत हजेऱ्या बघतो. परवा कामानिमित्त पोलादपूरला गेलो आणि उगाचच वर कुडपणला जाऊन आलो. तेच धुकं होतं. दाराला नुसती कडी होती. आत डोकावावं म्हणून मी ती काढली, दार करकरलं, आणि मागून आवाज आला, "कोन रे? थांब, तसाच आत नको जाव."

मी उंबऱ्यापाशी मान खाली घालून थांबलो.