ढुमकाजीनं बाजारातून काय आणलं

माझ्या विनोदी कादंबरीचा नायक मी चोरलेला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण कार्यक्रमांत लोक विचारतात की तुम्हाला असली पात्रं सुचतात कुठून, आणि मी छताकडे बघत काहीतरी गंभीर बोलते. सुचलंबिचलं काही नाही. ढुमकाजी कोतवाल माझ्या मावशीचा आहे.

मावशी सोनाळ्याजवळच्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. मी चार वर्षांची असताना आई नर्सिंगच्या शिक्षणासाठी अकोल्याला राहायला गेली, आणि वडिलांनी मला वर्षभरासाठी मावशीकडे नेऊन ठेवलं. तेव्हा अंगणवाडीत सुकडी मिळायची, आता खिचडी मिळते. बाकी फार काही बदललेलं नाही. लेकरं भिंतीला पाठ लावून ओळीत बसतात, मावशी प्रत्येकासमोर येऊन उभी राहते, आणि वाढण्याआधी म्हणते:

ढुमकाजी कोतवाल, डोक्यावर मडकं,
घोडा त्याचा भोपळा, लगाम दोडकं,
बजाराले निंघाला, उलटा चाले रस्ता,
बजारातून आणलं काय?

पुढे ओळ नाही. मावशी पळी हवेत धरून थांबते. मग समोरचं लेकरू काहीतरी सांगतं: बकरी, कुलूप, शेंबूड, विमान. जे सांगेल ते मावशी गंभीरपणे ऐकून घेते, आणि मग त्याच्या ताटलीत वाढते. मला त्या वर्षातलं एवढंच आठवत होतं, की खूप हसायचो. वर्षभराची मजा, असं मी सगळ्यांना सांगत आले.

चिखलीला शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, लिहायला लागले. चाळिशी उलटल्यावर एक कादंबरी हातात घेतली आणि ती काही केल्या चालेना. मग एका दुपारी ढुमकाजीला उचलून थेट तहसील कचेरीच्या रांगेत उभा केला. आधार कार्डासाठी. फोटोवाला म्हणतो, डोक्यावरचं मडकं काढा. ढुमकाजी म्हणतो, मडकं काढलं तर मी कोण आहे हे मलाच कळणार नाही. बोटांचे ठसे उमटत नाहीत, भोपळा उभा करायला जागा मिळत नाही, आणि तिसऱ्या खिडकीवरच्या बाई जेवायला गेलेल्या आहेत. कादंबरी धावायला लागली. बडबडगाण्यातला माणूस सरकारी कचेरीत आणला की लेखकाला फार काही करावं लागत नाही, कचेरीच सगळं करते.

फक्त ते गाणं अर्धवट होतं, ते मला खुपत होतं. मावशीला 'रस्ता' या शब्दाला यमक सापडलं नसेल, म्हणून तिनं ते पोरांच्या गळ्यात मारलं, असा माझा समज. मी शिकलेली, मराठीची मास्तरीण. मी ती ओळ पुरी केली:

बजारातून आणला त्यानं ढगायचा बस्ता!

लग्नाचा बांधतात तसा बस्ता, पण ढगांचा. या ओळीवर माझा फार जीव होता. पुस्तक निघाल्यावर पुण्याच्या एका बाईंनी कळवलं की तुमची ग्रामीण भाषा किती गोड आहे हो. जणू मी गुळाची भेली पाठवली होती. पण ओळ त्यांनाही पाठ झाली होती, तेव्हा मी माफ करून टाकलं.

पुस्तक आईला अर्पण केलं होतं. ते छापून आल्यावर चार महिन्यांनी आई गेली.

त्याच हिवाळ्यात मावशीच्या गावच्या शाळेनं मला स्नेहसंमेलनाला पाहुणी म्हणून बोलावलं. मी मंचावरून सगळ्या मुलांकडून गाणं म्हणवून घेतलं, तीनदा. कोणीतरी मोबाइलवर ते टिपलं आणि गावभर फिरवलं. मावशी पहिल्या रांगेत बसली होती. मी वरून तिच्याकडे पाहिलं तर ती टाळ्या वाजवत नव्हती, हात मांडीवर होते. थकली असेल, असं मला वाटलं.

पुढे तिचे फोन कमी झाले. मी केला की म्हणायची, "जय भीम, बरी आहे, ठेवते." शेवटी मी चिडून विचारलं, "मावशे, काही चुकलं काय माह्यं?"

 ती म्हणाली, "लेकरं आता मले काही सांगत नाहीत."

"म्हणजे?"

"येऊन पाह्य."

चिखलीहून खामगाव, खामगावहून वरवट, तिथून जीप. सबंध वाटेत मी मनात भांडत होते. गाणं प्रसिद्ध केलं, पुस्तकात तिचे आभार मानले, अजून काय पाहिजे? अंगणवाडीत पोचले तर ओळ बसलेली होती. मावशीनं पळी उचलली, तीन ओळी म्हटल्या आणि पहिल्या पोरापुढे थांबली. वीसच्या वीस लेकरं एका सुरात ओरडली, "ढगायचा बस्ता!" आणि ताटल्या पुढे केल्या.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात, वाढत वाढतच, सांगायला लागली. एकदा एक पोरगा म्हणाला होता, ढुमकाजीनं दप्तर आणलं. त्याच्या बहिणीची शाळा घरच्यांनी बंद केली होती. एक पोरगी रोज म्हणे भाकर, भाकर. तेव्हा मावशीनं तिच्या घरी जाऊन चूल पाहिली होती. "वजनाच्या रजिष्टरात हे येत नाही," ती म्हणाली. "लेकराले इचारलं, घरी काय झालं, तं ते सांगत नाही. ढुमकाजीचं नाव घेऊन सांगते."

 चाळीस वर्षं तिनं जी जागा मुद्दाम मोकळी ठेवली होती, ती मी बुजवून टाकली होती, आणि वर टाळ्या घेतल्या होत्या. लाज वाटली. सरळ सांगते, रडू आलं.

मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी लेकरांना म्हटलं, "हे पाहा, पुस्तकात चुकीचं छापलंय. ज्या बाईनं लिहिलं तिनं ढुमकाजीले कधी पाह्यलंच नाही."

पिवळ्या झग्यातली एक पोरगी म्हणाली, "पुस्तकात आहे तं बरोबरच असते. माह्या भावाले शाळेत ते गाणं म्हणल्याचं बक्षीस भेटलं."

 जन्मभर शाळेत मीच हे शिकवत आले होते.

"बस तिच्या बाजूले," मावशी मला म्हणाली. मी पिवळ्या झग्याशेजारी सतरंजीवर बसले, गुडघे कुरकुरले, ताटली हातात घेतली. दुसऱ्यांदा वाढायला मावशी परत पहिल्यापासून आली. बस्ता, बस्ता, बस्ता. माझ्यापुढे थांबली. "बजारातून आणलं काय?"

दोन कादंबऱ्या लिहिलेली बाई मी, एक शब्द सुचेना. लेकरं माना काढून बघत होती.

"चार वर्साची होती तवा तं बराबर सांगितलं होतं तू," मावशी म्हणाली. "महिनाभर कोणाशी बोलली नव्हती. मंग एक दिवस सांगितलं. म्या दुसऱ्या ऐतवारी तुले घेऊन अकोल्याची यष्टी धरली."

अकोला मला आठवत होतं. दवाखान्याचं मोठं फाटक, पांढऱ्या साडीतली आई, तिनं घेतलेली लाल पिशवीतली संत्री. तिथे आपण का गेलो होतो, हे मात्र मी कधी कोणाला विचारलंच नव्हतं. हसायचो एवढंच लक्षात ठेवून मी बसले होते.

"माही माय आणली," मी म्हटलं.

मावशीची पळी तशीच राहिली. तिचीही ती बहीणच होती. तिनं मोकळा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "आता त्या गावाले यष्टी जात नाही, बाई," ती म्हणाली आणि माझ्या ताटलीत दोन पळ्या खिचडी घातली.

मग ती पिवळ्या झग्यापुढे सरकली. पोरगी माझ्याकडे बघत होती. माझ्या ताटलीकडेही. मावशीनं विचारलं, "बजारातून आणलं काय?"

"बस्ता," पोरगी म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "नाही. माही आजी आणली. पण आजी उठतच नाही."

मावशीनं चेहरा जराही हलू दिला नाही. "मंग भोपळ्यावर झोपूनच आणली असन," म्हणाली, आणि वाढून पुढे गेली. पुढचा म्हणाला, मोटार आणली. त्याच्या पुढचा म्हणाला, मोटार आणि साप.

लेकरं घरी गेल्यावर आम्ही दोघी त्या पोरीच्या घरी गेलो. आईबाप कामाला गेलेले होते. म्हातारी तीन दिवसांपासून खाटेवर होती, पाय सुजून टम्म झालेला, आणि कोणाला सांगायचं नाही असा तिचा हट्ट. मुलाची मजुरी बुडेल म्हणून. मावशीनं तिला चांगलं खडसावलं, फोन करून रिक्षा बोलावली, आणि आम्ही तिला सोनाळ्याला डॉक्टरकडे नेलं. रिक्षात म्हातारीनं मला विचारलं, "तू कोन वं?"

"हे माह्या बहिणीची पोरगी," मावशी म्हणाली. "माह्या अंगणवाडीतली आहे."

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी एकच दुरुस्ती पाठवली. आठवड्यानं पुण्याहून मुद्रितं तपासणाऱ्या गृहस्थांचा फोन आला. पान अमुक, गाण्याची चौथी ओळ गळली आहे, आधीच्या आवृत्तीत होती, तीच घालू का?

"नको," मी म्हटलं. "तेवढी जागा कोरी सोडा."

"वाचकांना चूक वाटेल हो."

"वाटू द्या. तुम्हीच सांगा, तुमच्या मते ढुमकाजीनं बाजारातून काय आणलं असेल?"

 मी फोन कानाला धरून थांबले.